मित्राकडे 20 हजार ठेवले तर व्यायाम होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 36, राहायला डोंबिवली, ऑफिस लोअर परळ, जानेवारीत जिमची वर्षाची फी एकरकमी भरली आणि फेब्रुवारीनंतर तिकडे फिरकलेच नाहीत. आता कमिटमेंट डिव्हाईस, म्हणजे स्वतःला आधीच बांधून घ्यायची युक्ती, या प्रकाराबद्दल वाचलं आणि प्लॅन असा केलाय की एका जवळच्या मित्राकडे 20 हजार ठेवायचे, महिन्यात 25 दिवस व्यायाम झाला नाही तर ते पैसे त्याचे. चालेल का, असं विचारलंय.

तुम्ही लिहिलंय तसं नाही चालणार, पण कल्पना टाकाऊ अजिबात नाही, फक्त मांडणी बदलायला लागेल. मी दादरला ट्रेनर आहे, शिवाजी पार्कात सकाळची बॅच घेतो, आणि येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं तुमचंच असतं. स्क्वॉट कसा मारायचा ते आजकाल सगळ्यांना मोबाईलवर बघून माहीत असतं, अडतं ते घराबाहेर पडण्यावर.

आधी एक समजून घ्या, तुम्ही आळशी आहात म्हणून हे होत नाहीये. रात्री साडेअकराला अलार्म लावणारा माणूस वेगळा आणि पावणेसहाला तो बंद करणारा वेगळा, आणि दुर्दैवाने दुसऱ्याच्या हातात अलार्म असतो. थॉमस शेलिंग म्हणून अर्थशास्त्रज्ञ होते, 2005 चं नोबेल मिळालेले, त्यांनी या एकाच माणसातल्या दोन माणसांच्या भांडणावर बरंच लिहून ठेवलंय. त्यातला कामाचा भाग एवढाच की सकाळच्या माणसाला समजावत बसू नका, रात्रीचा माणूस जागा असताना सकाळच्याचे पर्याय कमी करून ठेवा. कमिटमेंट डिव्हाईस म्हणजे तेच.

मग वर्षाची फी भरली ते काय होतं, तेही बंधनच ना, असं तुम्ही म्हणाल. नाही. ते पैसे जानेवारीत गेले, आज गेलात काय, नाही गेलात काय, आज खिशातून काही जात नाही, उलट आजची झोप फुकट मिळते. अमेरिकेतल्या जिमच्या हजेरीपटांवर डेलाविन्या आणि मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये रिसर्च पेपर छापला होता, त्यात महिन्याला 70 डॉलरच्या वर फी भरणारे मेंबर महिन्यातून सरासरी 4.3 वेळा जात होते, म्हणजे एका खेपेला 17 डॉलरहून जास्त पडत होते, आणि तिथेच 10 खेपांचा पास घेतला असता तर खेपेला 10 डॉलरमध्ये काम झालं असतं. तेव्हा एकटे तुम्हीच फसलात असं नाही, जगभरातले जिमवाले यावरच जगतात. (आमच्या धंद्याबद्दल हे मी लिहायला नको खरं तर, पण असो.)

आता तुमच्या प्लॅनकडे येऊ.

पहिली अडचण 25 दिवसांची. 30 दिवसांत 25 म्हणजे पाच खाडे माफ. ऑफिसची एक डेडलाईन, एक लग्न, एक सर्दी, आणि साधारण 12 तारखेला सहावा खाडा पडतो. त्या दिवशी 20 हजार गेले आणि उरलेल्या 18 दिवसांना काही अर्थच राहिला नाही, कारण आता रोज गेलात तरी पैसे गेलेलेच. म्हणजे ज्या दिवसांत आधाराची सगळ्यात जास्त गरज त्याच दिवसांत तुमचं बंधन सुटलेलं. सगळं किंवा काहीच नाही असा नियम फक्त ज्यांचं आधीच नीट चाललंय त्यांना परवडतो.

दुसरी, मित्र. जवळचा मित्र 20 हजार घेणार नाही हो. तुमच्या बायकोसमोर तर अजिबात नाही. तो म्हणेल जाऊ दे रे, पुढच्या महिन्यात बघू, आणि हे तुम्हालाही आत्ताच माहितीये, म्हणून तर तो निवडलाय. आणि समजा घेतलेच तर मैत्रीला चरा पडणार. पैसे कोणाकडे ठेवले याचा फरक पडतो, किती ठेवले याचा त्यामानाने कमी. माझ्याकडे एक बाई येतात, त्यांनी ऑफिसातल्या अकाउंट्सच्या मॅडमकडे पाकीट दिलं होतं, मैत्री वगैरे काही नाही, फक्त रोज जेवायच्या वेळेला दिसणार आणि कन्व्हेयन्सचं बिल एका रुपयाने चुकलं तरी परत पाठवणाऱ्या. असा माणूस शोधा. थोडा लांबचा, नियमाचा पक्का, आणि ज्याला तुमच्या हरण्यात फायदा नाही.

मग गेलेले पैसे कुठे जाणार? चांगल्या संस्थेला देऊ असं बरेच जण म्हणतात आणि तिथेच बंधन सैल होतं, कारण आज नाही गेलो तरी पुण्य मिळालं असं मन म्हणतं. बाहेरच्या देशात स्टिक नावाची वेबसाईट आहे, येल विद्यापीठातल्या लोकांनी 2008 साली सुरू केलेली, तिथे पैसे आपल्याला न पटणाऱ्या संस्थेला जातील अशी सोय ठेवलीय. आपल्याकडे राजकीय पक्षाचं नाव टाकलं तर ग्रुपमध्ये नको ती भांडणं होतात, त्यापेक्षा आमच्या बॅचमध्ये कट्टर मुंबई इंडियन्सवाल्याला चेन्नईची पिवळी जर्सी घालून रविवारी मैदानाला फेरी मारायला लावतात, ते 500 रुपयांपेक्षा भारी पडतं.

तिसरी अडचण, व्यायाम म्हणजे काय ते ठरलेलंच नाही. गच्चीवर पाच मिनिटं हात हलवले तर तो दिवस धरायचा का? स्टेशनच्या जिन्याचं काय? रात्री अकराला तुम्ही स्वतःच वकील आणि स्वतःच जज्ज, निकाल काय लागणार ते ठरलेलंय. म्हणून मी लोकांना व्यायामाला बांधून घ्यायला सांगतच नाही, पोचण्याला बांधून घ्या म्हणतो. ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळेच्या आत पोचलात, तिथून एक फोटो गेला, झालं. नंतर दहा मिनिटांत परत फिरलात तरी दंड नाही. लोकांना वाटतं ही पळवाट आहे, पण शूज घालून मैदानावर पोचलेला माणूस परत फिरल्याचं मी क्वचितच बघितलंय. आणि बरं नसेल तेव्हा थोडंच करून घरी जाता येतं, दंडाच्या भीतीने ताप अंगावर काढून धावायची वेळ येत नाही. ताप, दुखापत आणि डॉक्टरने सांगितलेली विश्रांती यांना माफी आहे हे पहिल्या दिवशीच लिहून टाका, नंतर नवीन कारणं त्यात घालायची नाहीत.

दंडाचं अजून एक बघा. इस्रायलमधल्या हैफा शहरात 10 पाळणाघरांवर प्रयोग झाला होता, 2000 साली छापून आलेला. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या आईबापांना काही पाळणाघरांनी छोटा दंड लावला, तर उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आणि दंड काढून टाकल्यावरही वाढलेलाच राहिला, कारण लोकांना तो उशिराचा रेट वाटायला लागला, पैसे टाका आणि निवांत या. एकट्याने स्वतःला दंड लावला की हेच होतं, चला आज 200 रुपयांची झोप घेऊ. म्हणून नुसता दंड पुरत नाही, त्याच्यासोबत कोणीतरी बघणारं लागतं.

आणि बघणाऱ्याहून जास्त जोर वाट बघणाऱ्यात असतो. गोविंदा पथकाची प्रॅक्टिस कधी जवळून बघितलीत का? गुरुपौर्णिमेपासून सुरू होते, रात्री उशिरापर्यंत चालते, आणि त्यात जिमचं तोंडही न बघणारी, दिवसभर नोकरी करून आलेली पोरं असतात. खालच्या थरातला एक जण आला नाही तर वरचे थर लागतच नाहीत, आणि सगळा चौक त्याच्या नावाने ओरडतो. तिथे पैसे नाहीत की ॲप नाही. आपल्या न जाण्याने दुसऱ्याचं काम अडलं पाहिजे, हे जमलं तर ते सगळ्यात घट्ट बंधन. तुमच्या बिल्डिंगमधला एखादा शेजारी ज्याला डॉक्टरने चालायला सांगितलंय आणि जो एकटा जायला कंटाळतो, तो खाली येऊन उभा राहिला की तुम्ही वरून नाही म्हणू शकत नाही, निदान रोज तरी नाही.

पण इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे ते मान्य करायला हवं. तुम्ही प्रश्नात घरी पोचायची वेळ लिहिलेली नाही. डोंबिवली ते लोअर परळ रोजचं येणंजाणं करून रात्री साडेनऊला घरी, मग जेवण, मग मुलांचा अभ्यास, झोपायला साडेबारा, आणि पावणेसहाचा अलार्म, म्हणजे झोप पाच तासांची. असं असेल तर तुमचा सकाळचा माणूस आळशी नाही, थकलेला आहे, त्याच्यावर दंड लावून उपयोग नाही आणि लावूही नये. शिफ्टवाले, घरात तान्हं बाळ असलेले, सकाळचे डबे एकटीने करणाऱ्या बायका, यांना मी आधी वेळ बदलायला सांगतो, बंधन नंतर. शुगर, बीपी असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल तर पहिला फोन डॉक्टरला.

तुमच्या केसमध्ये मला वाटतं सकाळ सोडूनच द्या. जिमही तूर्त सोडा. दादर ते लोअर परळ साधारण तीन किलोमीटर आहे, चालायला साधारण 40 मिनिटं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर लोअर परळहून दादरपर्यंत चालत यायचं आणि तिथून डोंबिवलीची गाडी. आठवड्यातून चार दिवस, चार चाळीस एकशे साठ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांप्रमाणे मोठ्या माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम लागतो, म्हणजे खालची पायरी इथेच गाठली. त्याच सूचनांत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायामही सांगितलाय, तो नंतर घरी जोडता येईल, आत्ता सगळं एकदम अंगावर घेऊ नका.

आणि याला बंधन कुठलं, तर तुमचा रेल्वेचा पास. आत्ता बहुतेक डोंबिवली ते लोअर परळ व्हाया दादर असा असेल. पुढचा काढताना डोंबिवली ते दादर एवढाच काढा, आणि महिन्याचा नको, तीन महिन्यांचा. आता दादर ते लोअर परळ वेस्टर्न लाईनने जायचं तर वेगळं तिकीट. मोबाईलवर निघतं, मान्य, पण रोज संध्याकाळी दमलेलं असताना ठरवून काढावं लागेल, आणि चालणं मात्र काही न ठरवता होईल. आत्तापर्यंत उलटं होतं, व्यायाम ठरवून करायचा आणि आळस आपोआप व्हायचा. तेवढी जागा बदलली तर अर्धं काम झालं. सकाळी उशीर होत असेल तर तिकीट काढून खुशाल गाडीने जा, सकाळ नियमात धरायचीच नाही. ऑफिसला स्पोर्ट्स शूज घालून जा आणि लेदरचे ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात टाच सोलली हे कारण मिळेल. टॅक्सीचं बंधन मला सुचलेलं नाही, टॅक्सीवाला समोर उभा राहिला तर तुमचं तुम्ही बघा.

पैशांचं बंधन वर थोडंसं लावा. 20 हजार नको, 2000 पुरे, आधीच देऊन ठेवायचे, कारण नंतर मागितलेले पैसे कोणी देत नाही. हिशोब दर रविवारी, महिन्याच्या शेवटी नाही. चार दिवस ठरलेत, दादर स्टेशनच्या जिन्यावरून फोटो गेला की दिवस भरला, प्रत्येक खाड्याला 200 कापायचे. आता यात एक कलम मी आवर्जून घालतो, खाडा झाल्यावर लगेच पुढच्या ठरलेल्या दिवशी आलात तर 200 पैकी 100 परत. हे माझ्या मनचं नाही. 2021 मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात एक प्रचंड अभ्यास छापून आला होता, अमेरिकेतल्या एका जिम कंपनीचे 61 हजारांहून जास्त मेंबर आणि लोकांना जिममध्ये आणायच्या 54 वेगवेगळ्या युक्त्या, चार आठवडे चालवलेल्या. सगळ्यात वर काय आलं, तर चुकल्यावर परत येणाऱ्याला दिलेलं अगदी किरकोळ बक्षीस. मला ते वाचून नवल वाटलं नाही, कारण बॅचमधून माणूस तुटतो तो पहिल्या खाड्याने नाही, तिसऱ्या चौथ्याने, तोपर्यंत त्याला तोंड दाखवायची लाज वाटायला लागलेली असते. त्याला परत यायला काहीतरी निमित्त दिलं की तो येतो.

त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगायला हवी, चार आठवडे संपल्यावर त्या 54 पैकी जेमतेम 8 टक्के युक्त्यांचा परिणाम मोजण्याइतका उरला. बाकीच्या विरल्या. 2014 मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात रंगलेल्या गोष्टींची ऑडिओ बुक्स फक्त जिममध्येच ऐकायला मिळतील अशी सोय केली होती, सुरुवातीला त्या लोकांचं जाणं बाकीच्यांपेक्षा 51 टक्क्यांनी जास्त होतं, मग थँक्सगिव्हिंगची, म्हणजे त्यांच्या नोव्हेंबरातल्या सणाची, सुट्टी आली आणि सगळं सपाट झालं. आपल्याकडे गणपती आणि दिवाळी हेच काम करतात. तुम्हीही एखादा पॉडकास्ट फक्त लोअर परळ ते दादर ऐकायचा असं ठरवू शकता, मजा येते, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका, आणि रस्त्यावर एक कान मोकळा ठेवा.

म्हणून बंधन कायमचं घालायचं नाही, मुदतीचं घालायचं आणि मुदत संपली की परत घालायचं. श्रावण आठवा. वर्षभर दर शुक्रवारी बसणारी मंडळी गटारी उरकून महिनाभर ग्लासाला हात लावत नाहीत, आणि त्यांना रोज मनाशी भांडावं लागत नाही, कारण कधी सुरू आणि कधी संपणार ते ठरलेलं, काय चालतं काय नाही ते स्पष्ट, आणि आजूबाजूच्या सगळ्यांना माहीत. आयुष्यभर सोड म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी बाटली उघडली असती. तुम्हीही सहा आठवडे धरा. ते संपले की बसून बघा, फार सोपं गेलं तर दोन दिवस घरी जोर-बैठका जोडा, जड गेलं तर चारचे तीन करा, आणि नवीन सहा आठवडे. चुकलेल्या आठवड्याच्या मध्ये नियम बदलायचा नाही, फक्त मुदत संपल्यावर.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: पास दादरपर्यंतचाच, चार संध्याकाळी चालणं, पुरावा म्हणून स्टेशनच्या जिन्याचा फोटो, पैसे लांबच्या माणसाकडे, हिशोब रविवारी, परत आलात तर निम्मा दंड परत, आणि हे सगळं सहा आठवड्यांपुरतं.

हे सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही. फिलिपिन्समध्ये सिगारेट सोडण्यासाठी असाच प्रकार झाला होता, बँकेत पैसे टाकायचे, सहा महिन्यांनी तपासणीत निकोटिन सापडलं तर ते जप्त. ज्यांना विचारलं त्यातल्या फक्त 11 टक्के लोकांनी घेतलं. विचारलेल्या सगळ्यांना एकत्र धरलं तर सिगारेट सुटलेले लोक न विचारलेल्यांपेक्षा शंभरात साधारण 3 जणांनी जास्त निघाले. थोडं आहे, पण खरं आहे. तुम्ही स्वतःहून पैसे लावायला तयार झालात म्हणजे त्या 11 मधले आहात, बहुतेक लोक इथपर्यंतही येत नाहीत. ज्यांना पैशाच्या विचारानेच धडधडतं किंवा ज्यांची खरंच ओढाताण आहे त्यांना मी हे कधीच सुचवत नाही, त्यांना तो खाली उभा राहणारा शेजारीच बरा.

पावसाळ्याचं विचारणार तुम्ही, म्हणून आधीच लिहितो. जुलैत एखाद दिवशी दादर, परळला गुडघाभर पाणी असणार आणि गाड्या बंद. नियमात एक पर्याय लिहून ठेवा, गाड्या बंद असल्या किंवा तुंबलेलं पाणी असलं तर घरी पोचल्यावर बिल्डिंगचा जिना 15 मिनिटं वरखाली, तळमजल्याच्या लेटरबॉक्सपाशी फोटो. साध्या रिमझिमीला हा पर्याय नाही, छत्री आहे.

बाकी, जिमच्या उरलेल्या महिन्यांसाठी मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर होते का ते काउंटरवर विचारा, काही ठिकाणी थोडी फी घेऊन करतात. आणि ऑफिस नक्की किती वाजता सुटतं आणि घरी कितीला पोचता ते लिहा, चार दिवस कुठले धरायचे ते त्यावरून ठरवू, कारण सोमवारची मिटिंग लांबत असेल तर सोमवार यादीत घालण्यात अर्थ नाही.